पाण्यातला वळसा

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की मला उगाचच वाटायला लागतं, आपल्या सायकलीच्या चाकात हवा कमी आहे. मग अंगणात जाऊन मी अंगठ्यानं चाक दाबून बघते. हवा असते. तरी पंप लावते. नवरा म्हणतो, "झालं सुरू हिचं." त्याचंही बरोबर आहे. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर माझं हे सुरू होतं. शाळेत भूगोल शिकवणारी पन्नाशीची बाई पहाटे हेल्मेट घालून बारामतीतून पिंपळीच्या रस्त्याला लागते आणि पाटाच्या कडेनं जाताना धुक्यात एकटीच हसते, हे बघून डेअरीला दूध घालायला निघालेली माणसंसुद्धा आता ओळखीचं हसतात.

या दिवसांत हवेला एक वास असतो. पेटवलेल्या पाचटाचा, ओल्या मातीचा आणि कारखान्याच्या बाजूनं येणारा तो गोडसर, आंबूस वास. तो नाकात गेला की मी बारामतीत राहतच नाही. मी इंदापूरच्या बाजूला, उजनीच्या काठावर, माहेरच्या ओसरीवर जाऊन बसते. समोर माझे वडील, आबा, मांडीवर जुनं कॅलेंडर पालथं घालून बसलेले असतात. हातात तांबडी-निळी पेन्सिल. खालच्या अंगाला पाणी, इतकं शांत की पलीकडचा काठ आपल्याच गावाचा कोपरा वाटावा.

ते कॅलेंडर आता माझ्या कपाटात आहे. काल परत काढून बघितलं.

तीन वर्षं झाली. आमच्या शाळेत खेळ शिकवणारी ज्योती, तिनंच मला या वयात सायकलीवर बसवलं. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टर रागावले होते, आणि ज्योती म्हणाली होती, "बाई, चालण्याचा कंटाळा येतो ना? मग चाकं लावा." आधी पाटापर्यंत, मग पिंपळीपर्यंत, मग एका रविवारी कळंबपर्यंत जाऊन आलो आणि आमच्या डोक्यात हवा गेली. उजनीच्या पाण्याला सायकलवरून पुरता फेरा मारायचा असं आम्ही ठरवलं. निसर्ग बघायचा, पक्षी बघायचे, फोटो काढायचे. मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा मी ओसरीवर बसून फोनवर रस्ता आखायला घेतला. उंटावरून शेळ्या हाकणंच ते.

आबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "त्या डबड्यात चढ दिसतो का?"

"दिसतो की."

"वारा?"

"वारा नाही दिसत, आबा."

"कुत्री?"

मी हसले. ते हसले नाहीत. आत गेले, मागच्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन आले, पालथं घातलं आणि पेन्सिलीला थुंकी लावून म्हणाले, "लिव्ह."

लिहिलं मात्र त्यांनीच. इकडं आमचं गाव, तिकडं भिगवण, पुढं पूल, पुलावरून पलीकडच्या काठानं खाली उतरत समोरचं गाव. मधे मधे खुणा. एक गोल म्हणजे लिंबाची सावली. एक फुली म्हणजे कुत्री. दोन रेघा म्हणजे हापसा. एका चढाशी त्यांनी लिहिलं होतं, "हितं उतरून चालावं. लाज न्हाय." आणि अंतर किलोमीटरमध्ये नव्हतंच. आबा अंतर दमांत मोजायचे. जिथं दम लागतो, उतरावंसं वाटतं, तिथं एक दम संपला. "तरणा हुतो तवा चार दमाचा रस्ता हुता," ते म्हणाले. "मग सात झाला. शेवटाला अकरा." मी विद्यार्थ्यांना नकाशाचं प्रमाण शिकवते. पण माणसाच्या वयाबरोबर लांब होत जाणारा रस्ता दाखवील असं प्रमाण माझ्या पुस्तकात नाही.

त्यांना तो रस्ता पाठ होता, कारण पस्तीस-चाळीस वर्षं दर भाऊबीजेला ते त्या रस्त्यानं सायकल मारत गेले होते. समोरच्या काठावरच्या गावात त्यांची थोरली बहीण दिलेली. आबा तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. धरण व्हायच्या आधी मधे फक्त नदी होती. आबा गुडघाभर पाण्यातून पलीकडं जायचे, अक्काकडं जेवायचे आणि ऊन उतरायच्या आत घरी यायचे. मग पाणी चढलं. आमचं जुनं गाव खाली गेलं, आम्ही वर माळावर आलो. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. मला आठवतं ते एवढंच, की मारुतीची मूर्ती बैलगाडीत बसवून वर आणली होती, आणि गाडी हलली की आजोबा मूर्तीला हातानं धरत होते, पडेल म्हणून.

सगळं गाव मूर्तीमागून चालत वर आलं. आबाही आले. पण त्यांनी मनात एक गाठ बांधली ती कायमची. ते म्हणायचे, मूर्ती आणली ती दगडाची, देवाची जागा तिथंच हाय. पाण्याखाली. आणि देवाच्या डोक्यावरनं होडी घालायची न्हाय.

गाव होडीनं जात होतं. लग्नाला, बाजाराला, मयताला. अर्ध्या तासात पलीकडं. आबा तेवढे सायकलीला करंज्यांचा डबा आणि अक्काचं लुगडं बांधून भिगवणवरून फिरून, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. लोक चेष्टा करायचे. एक म्हातारे तर म्हणायचे, "हाताच्या घासाला मानंमागनं तोंडाकडं नेतोय ह्यो." आबा ऐकून घ्यायचे आणि पायंडल मारायचे.

इथवर सगळं गमतीचं होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती अक्काच्या मुलीच्या लग्नात.

मार्गशीर्षातलं लग्न. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आईबरोबर होडीनं गेले होते. होडी आबांसाठी मुद्दाम थांबली होती. आबा काठावर उभे राहून म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी येतो." त्या पहाटेच ते सायकलीवर बसून निघाले. आणि नेमका त्याच दिवशी उसाच्या गाड्यांनी पूल अडला, पुढं सायकल पंक्चर झाली. इकडं मंडपात भटजींनी हाक दिली, मामा, मुलीला घेऊन या. एकदा दिली, दोनदा दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा अक्का मंडपाच्या तोंडाशी जाऊन रस्त्याकडं बघत उभी होती. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. शेवटी नवरीच्या चुलत्यानं तिला बोहल्यावर आणलं. आबा पोचले तेव्हा दुसरी पंगत उठत होती. धोतर मातीनं भरलेलं, हाताला ग्रीस.

अक्का रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझा भाऊ देवाला भितो. बहिणीला भीत न्हाय. आता माझ्या दारात पाण्यावरनं सरळ येशील, त्या दिवशी तुला ओवाळीन."

त्यालाही पंचवीस वर्षं होऊन गेली होती. दर भाऊबीजेला आबा फिरूनच जात राहिले. अक्का पाट मांडायची, रांगोळी काढायची, शेवयांची खीर वाढायची, घरची चौकशी करायची. आणि निरांजन कोनाड्यात तसंच ठेवायची, वात घालून, न पेटवता. आबा जेवायचे, लुगडं उंबऱ्यावर ठेवायचे आणि परत सायकलीवर बसायचे. आईनं समजावलं, माझ्या भावानं समजावलं. दोघंही एकाच आईच्या पोटचे. कोण कुणाला हटणार?

गुडघे गेल्यावर माझा भाऊ त्यांना जीपमधून फिरवून नेऊ लागला. कोनाडा तसाच.

त्या मे महिन्यात, कॅलेंडरवरचा रस्ता समोरच्या गावापर्यंत आला तेव्हा आबांनी पेन्सिल थांबवली. "फेरा म्हणतीस, तर ह्यो पुरा कसा व्हायचा? हितनं घरी कशी येणार?"

"होडीनं," मी सहज म्हणून गेले. लगेच जीभ चावली.

ते पाण्याकडं वळले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अक्काला काचबिंदू झालाय. एक डोळा गेला. दुसऱ्यात थोडं उजेड-अंधार दिसतंय म्हणं. सुमे, ओवाळायचं तर तोंड दिसाय पायजे गं."

एवढंच बोलले. पण मला कळलं. या माणसाला आता दोन्हीकडून घाई झाली होती, आणि मधे पाणी होतं. मी म्हटलं, "मग जा की होडीनं. देव काय रागावतोय?"

"देव रागवंल म्हनून न्हाय. मला ठावं न्हाय त्यो कुठं हाय म्हनून." ते म्हणाले, "कडंनं जायला मी तयार हाय. पर पाणी सगळं सारखंच. कडंनं म्हनून घालावी आन नेमकी डोक्यावर जावी."

चाळीस वर्षांत हे कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. मीही नाही. आम्ही सगळे त्यांना हट्टी म्हणून मोकळे झालो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

त्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन व्हायच्या आत आम्ही दोघं उतरलो. मी माझी सायकल हातात धरून, आबा काठी टेकत. असं चालणं मी परत कधी चाललेले नाही. पायाखाली तडकलेला गाळ, त्यात लोकांनी काकड्या नि कलिंगडं लावलेली. मग एकदम जुना रस्ता लागला. खडीचा, दोन्ही बाजूला दगड लावलेला, जणू काल कुणी झाडून गेलं. आबांचा चालण्याचा वेग बदलला. काठी टेकायची ते विसरले. "ही शाळा. हे सुताराचं. हितं चिंच हुती, हिच्याखाली तुझी आई पहिल्यांदा दिसली मला, तोंड वाकडं करून चिंच खात हुती." मी बघत होते तिथं काहीच नव्हतं. वाळलेले शिंपले होते. पण ते इतकं नेमकं बोलत होते की मी चिंचेच्या जागेला वळसा घालून चालले.

गावाच्या टोकाला, नदीच्या अंगाला, मारुतीचा चौथरा होता. चार दगडी पायऱ्या नि एक रिकामा कोनाडा. आबांनी चपला खाली काढल्या. कोनाड्यावर हात फिरवला. शेंदराचा बारीकसा कण त्यांच्या बोटाला लागला की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी बोट मला दाखवलं आणि मी "हो" म्हटलं.

मग मी खिशातून फोन काढला. येताना मी नेहमीच्या सवयीनं चाललेला रस्ता त्यात नोंदवत आले होते, सायकलवाले करतात तसं. पडद्यावर आमच्या ओसरीपासून निघालेली निळी रेघ नागमोडी येत चौथऱ्यापाशी थांबली होती. मी तिथं एक खूण टाकली आणि आबांना दाखवली. "हा देव. आता वर कितीही पाणी येऊ दे, ही खूण हलणार नाही. होडीत बसलं की आपण कुठं आहोत तेही दिसतं यात."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "म्हंजी पाण्याखालीबी दिसंल?"

"पाण्याखाली नाही. पण कुठं आहे ते दिसेल."

"तेवढंच पायजेल," ते म्हणाले. आणि पायरीवर बसले. मीही बसले. समोर नदीचा बारीक प्रवाह चमकत होता, पलीकडं अक्काच्या गावाची झाडं. मला वाटलं, याच वेळी उठून चालत गेलो तर गुडघाभर पाण्यातून जाता येईल. पण अजून लुगडं घ्यायचं होतं, करंज्या व्हायच्या होत्या, भाऊबीज यायची होती.

मग पावसाळा आला, पाणी चढलं, आमची काकड्यांमधली वाट खाली गेली. शाळेत मी मुलांना समोच्च रेषा शिकवत होते आणि मनात एकच आकडा मोजत होते, दिवाळीला किती दिवस राहिले.

भाऊबीजेला सकाळी दादाला ओवाळून मी, ज्योती आणि आबा काठावर आलो. आमचा बेत उलटा झाला होता. फेऱ्याची सुरुवात पाण्यानं, मग सायकलवरून फिरून घरी. दोन सायकली किसनरावांच्या होडीत आडव्या ठेवल्या. आबांनी धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. होडीत पाय ठेवताना त्यांचा हात माझ्या दंडावर होता.

इंजिन सुरू झालं. काठ मागं सरला. पाणी असं होतं, जसं कुणी पातळ दुधावर साय धरू दिली आहे. लांबवर पाणकोंबड्यांची ओळ. रोहित पक्षी अजून आले नव्हते, एवढ्यात येत नाहीत ते. मी फोन हातात धरला होता. पडद्यावर आमचा ठिपका मेमधल्या त्या निळ्या रेघेच्या कडेकडेनं चालला होता. शाळा. सुताराचं घर. चिंच. आम्ही सगळ्यांच्या वरून जात होतो आणि आबा खाली बघत नव्हते, माझ्या हाताकडं बघत होते.

"आलं," मी म्हटलं. "पुढं शंभर पावलांवर."

आबांनी चपला काढल्या. "किसनराव, डावीकडं घ्या. देव उजव्या हाताला ऱ्हायला पायजेल."

किसनराव माझ्याकडं बघायला लागले. त्यांना सगळीकडं पाणीच दिसत होतं. मी हातानं दाखवलं तसं त्यांनी सुकाणू फिरवलं. होडीनं मोठा, मोकळा वळसा घातला, देवळाला प्रदक्षिणा घालतात तसा. आबा उभे राहिले. ज्योतीनं त्यांचं उपरणं धरलं. त्यांनी उजवीकडं हात जोडले आणि ते रडले. आबांना रडताना मी तेव्हाच बघितलं. मीही रडले, आणि ज्योतीला तर काही ठाऊकही नव्हतं, तरी तीही.

अक्का घाटाच्या दगडावर बसली होती. नातवानं सांगितलं असणार. आम्ही उतरलो. आबा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. ती तोंड वर करून, एक डोळा बारीक करून, त्यांच्याकडं बघत राहिली.

"आलो अक्का. पाण्यावरनं."

"बघितलं," ती म्हणाली. "मधीच वळालास. मला धड दिसत न्हाय, तरी दिसलं. सरळ ये म्हटलं तरी वाकडाच आलास."

आबांनी मान खाली घातली. मला वाटलं, गेलं सगळं. तेवढ्यात अक्कानं सुनेला हाक मारली. "कोनाड्यातलं निरांजन आन गं. तेल घालून आन."

त्या दिवशीचा सायकलचा परतीचा रस्ता मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो. आबा अक्काकडंच राहिले होते. आम्ही दोघी कॅलेंडर हँडलला बांधून निघालो. लिंबाच्या सावल्या जिथं लिहिल्या होत्या तिथंच होत्या. हापसा चालू होता. कुत्री मात्र नव्या पिढीची होती. त्या चढाशी उतरून चाललो आणि लाज वाटली नाही. पूल ओलांडताना संपूर्ण पाणी एका नजरेत आलं, सोनेरी, आणि ज्योती म्हणाली, "बाई, फोटो?" मी नको म्हटलं. उन्हं उतरताना घरी पोचलो. मोजून बघितले. मला नऊ दम लागले होते.

त्यानंतर दोन भाऊबीजा आबा वळसा घालून गेले. या वर्षी आषाढात ते गेले. अंथरुणात, झोपेत, कुणाला त्रास न देता.

म्हणून या वर्षी चाकातली हवा बघताना हात जड होता. दादा म्हणाला, "तू कशाला जातीस, मी जीपनं लुगडं पोचवतो." मी म्हटलं, मीच नेणार. परवा भाऊबीजेला एकटीच काठावर गेले, सायकल आणि पिशवी घेऊन. किसनराव आता होडी चालवत नाहीत. नवा नावाडी होता, चाळिशीचा, दुसऱ्या गावचा. मला ओळखत नव्हता. मी फोन काढलाच नाही. खरं सांगायचं तर मला त्या खुणेकडं बघवणार नव्हतं. मनात म्हटलं, ज्याला काळजी होती तो माणूसच नाही. जाऊ दे सरळ.

पाण्याच्या मध्यावर आलो आणि होडी डावीकडं वळली.

मला वाटलं पुढं जाळं असेल. जाळं नव्हतं, काहीच नव्हतं. होडी मोठा वळसा घेत होती. "इकडून का घेतली?" मी विचारलं.

"हितं सगळेच वळवत्यात, ताई," तो म्हणाला. "किसनरावांनी दावून दिलं. खाली देव हाय म्हनं. त्यो उजव्या हाताला ठिवायचा."

मी चपला काढल्या. एवढंच मला सुचलं.

अक्का घाटाच्या त्याच दगडावर बसली होती. आता तिला काहीच दिसत नाही. मांडीवर ताम्हण, त्यात निरांजन, वाऱ्यानं विझू नये म्हणून पदराआड धरलेलं. मी जवळ गेले. तिनं हात पुढं केला, माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, गाल. गाल ओले होते.

"मधी इंजनाचा आवाज वळला," ती म्हणाली. "तवाच म्हटलं, माझ्या भावाकडचं कुणीतरी आलं." मग ताम्हण वर उचललं. "तोंड हलवू नगंस. मला दिसत न्हाय."